पेलिकानची जागा

३१ ऑगस्ट १९५२, रविवार

पक्षाच्या शाळेतल्या शिक्षकानं सांगितलं होतं, की प्रत्येक कॉम्रेडनं आठवड्यातून एकदा आपल्या चुका लिहून काढाव्यात. त्याप्रमाणे मी एक वही सुरू केली. ती कॅप्टनसाहेबांना दाखवावी लागते, त्यामुळे तिच्यात चुका फारशा नाहीत. ही दुसरी वही. ही कुणाला दाखवायची नाही, म्हणून हिच्यात काय लिहावं तेच सुचत नव्हतं. आज सुचलं.

मी सार्जंट ओतकार शिमूनेक. आधी बिअरच्या कारखान्यात पिंपं बांधायचो, आता पश्चिम सीमेलगतच्या शुमावाच्या जंगलात लाकूडतोडीच्या छावणीवर पहारा देतो. आत शंभरेक राजकीय कैदी आहेत. सगळे म्हणे राज्य उलथवायला निघाले होते. एक पाद्री, दोन प्राध्यापक, एक फुटबॉल खेळणारा, बाकी शेतकरी आणि दुकानदार. हे राज्य उलथवणार! संध्याकाळी यांना स्वतःच्या पायातले बूट उलथवता येत नाहीत, पाय इतके सुजलेले असतात. ठरलेलं लाकूड पडलं तर पूर्ण पाव, नाही पडलं तर अर्धा, आणि अर्धा पाव खाऊन दुसऱ्या दिवशी ठरलेलं लाकूड पडत नाही. हिशेब कुणी काढला कोण जाणे, पण मी तो पहिल्या वहीत ‘शास्त्रशुद्ध’ असा लिहिला आहे.

तर आजची गोष्ट. तीन दिवस पाऊस पडून काल ऊन आलं. सकाळी हजेरीला सगळे रांगेत उभे. मी नावं वाचतोय आणि कुणाचंच लक्ष नाही. शंभर माणसं नाक वर करून जंगलाकडे बघतायत. मी खेकसणार, तर बुरुजावरचे दोघे पहारेकरीसुद्धा तिकडेच बघतायत! आणि खरं सांगायचं तर मीही. ओल्या पाचोळ्याचा तो वास आला, की आपल्याकडचा माणूस कैदीही राहत नाही आणि शिपाईही राहत नाही. अळंबी उगवली होती.

संध्याकाळी टोळ्या परतल्या त्या फुगलेल्या खिशांनी. कॅप्टन झावादिल यांनी सगळ्यांना खिसे टेबलावर रिकामे करायला लावले. आवाज मोठा, मान आखूड, आणि डोळा कायम प्रागच्या बदलीवर, असे हे आमचे कमांडर. बाकीच्यांची अळंबी हडकुळी, अळ्या पडलेली. पण म्हाताऱ्या पेलिकानच्या टोपीतून निघाल्या चार ‘खऱ्या’. जाड पांढरा देठ, तपकिरी टोपी, कीड औषधालाही नाही. आपल्याकडे त्या जातीला नुसतं ‘खरी’ म्हणतात, पुढे काही लावायची गरज पडत नाही.

“कुठे मिळाल्या?” कॅप्टननी विचारलं.

“जंगलात, साहेब,” पेलिकान म्हणाला.

यात उद्धटपणा काही नव्हता. अळंबीची जागा विचारली की माणूस हेच सांगतो. माझ्या आईनं वडिलांना जन्मभर विचारलं, वडील जन्मभर ‘जंगलात’ म्हणाले. ते गेले, त्यांच्याबरोबर जागाही गेली. यातल्या कशाचं दुःख जास्त, ते आईला अजून ठरवता आलेलं नाही.

४ सप्टेंबर

माझ्यावर नवी कामगिरी आली. कॅप्टननी त्या चार अळंब्या जिल्ह्याच्या कर्नलसाहेबांच्या बाईंना पाठवल्या होत्या. बाईंचा निरोप आला, की चार म्हणजे चवीपुरत्याच झाल्या. तेव्हापासून कॅप्टन फार खुशीत आहेत. एक दिवसाआड पेलिकाननं टोपली घेऊन जंगलात जायचं, आणि मी बंदूक घेऊन त्याच्या मागे.

हा पेलिकान साठीचा, औषधाच्या दुकानाचा मालक. सीमेपलीकडे निघालेल्या कुणाला तरी त्यानं खोकल्याची बाटली दिली, त्याची अकरा वर्षं. चौकशीत त्यानं सगळं कबूल केलं. तीन देशांचा हेर आहे म्हणाला. त्यातला एक देश नकाशावर दाखवता येईना तरी म्हणाला. पोपचा हस्तक असल्याचंही कबूल केलं, आणि मुळात हा प्रोटेस्टंट! असा मऊ गडी. पुढे ठेवाल त्यावर सही.

पण आज जी पंचाईत झाली ती नियमावली लिहिणाऱ्यांच्या बापालाही सुचली नसती. अळंबी सुरीनं कापायची असते. ओढून काढली की जागा मरते, हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. आणि कैद्याच्या हातात सुरी देता येत नाही. म्हणजे सुरी माझ्याकडे. पण पहारेकऱ्याचे दोन्ही हात बंदुकीवर असायला हवेत. मग कापणार कोण?

“साहेब, मी दाखवतो, तुम्ही कापा,” पेलिकान म्हणाला.

मी बंदूक पाठीला लावून वाकलो. बंदूक घसरून दणकन डोक्यात बसली. दुसऱ्या अळंबीला परत. तिसऱ्या वेळी डोळ्यांपुढे काजवे चमकले. शेवटी पेलिकान म्हणाला, “आणा ती इकडे, टेंगूळ येईल.” आणि त्यानं बंदूक धरली. फक्त कापून होईपर्यंत. हे पहिल्या वहीत लिहिलेलं नाही.

तो काही पळणारा नव्हता. टोपली अर्धीच भरली होती.

९ सप्टेंबर

आज जीव गेला होता माझा. पेलिकान मला एका तोडलेल्या बुंध्यापाशी घेऊन आला आणि म्हणाला, “साहेब, तुम्ही इथे बसा. तोंड ओढ्याकडे करून. मी आलोच.” आणि मी बसलो! तोंड ओढ्याकडे करून! कारण माणूस आपल्या जागेवर जात असताना त्याच्याकडे पाठ करायची ही रीत आहे, आणि ती माझ्या रक्तात इतकी भिनलेली, की मी पहारेकरी आहे हे बसल्यावर आठवलं.

उठलो. कैदी गायब. सीमा तिथून हाकेच्या अंतरावर. ओरडावं, तर छावणीला कळणार की शिमूनेकनं कैदी हरवला. न ओरडावं, तर कैदी हरवणार. मी मधलाच मार्ग काढला आणि हळू आवाजात ओरडलो, “पेलिकान… अहो पेलिकान!” कैद्याला ‘अरे’ म्हणायचा नियम आहे, पण घाबरल्यावर माणसाच्या तोंडून वळण बाहेर पडतं.

आला तो. टोपी भरून ‘खऱ्या’, एकेक मुठीएवढी. मी त्याला मिठी मारायचाच बाकी होतो.

“कापल्यात कशानं?” मी दरडावून विचारलं.

“नखानं, साहेब.”

त्यातल्या दोन त्यानं माझ्या खिशात घातल्या. घरी व्लास्तानं अंड्यांत परतल्या. व्लास्ता म्हणजे माझी बायको. खाताना एक अक्षर बोलली नाही, आणि हे लग्नानंतर प्रथमच घडलं. मग म्हणाली, “ओता, कुठे मिळाल्या रे?” मी म्हटलं, “जंगलात.” तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की घरात मी एकदम दोन इंच उंच झालो.

१७ सप्टेंबर, बुधवार

वाईट बातमी. पुढच्या महिन्यात तेराला गाडी येणार. इथून दहा माणसं युरेनियमच्या खाणीत पाठवायची आहेत. नावं कॅप्टन ठरवणार. खाणीबद्दल कैदी बोलत नाहीत, नुसते एकमेकांकडे बघतात. तिकडून इथे परत आलेला मी कुणी पाहिलेला नाही.

कॅप्टननी मला बोलावलं. “शिमूनेक, कर्नलसाहेब शनिवारी जेवायला येतायत. त्यांना स्वतः अळंबी तोडायची हौस आलीय. मी त्यांना त्या जागेवर घेऊन जाणार. म्हाताऱ्याला सांग, जागा दाखवलीस तर इथेच राहशील. नाही दाखवलीस तर गाडीत पहिलं नाव तुझं. माझा शब्द आहे.”

मला वाटलं, सुटला बिचारा. एवढीशी तर गोष्ट. धावत जाऊन सांगितलं. पेलिकान बराकीच्या पायरीवर बसून पायाच्या चिंध्या बदलत होता.

“साहेब,” तो म्हणाला, “कालोउस आठवतो?”

कालोउस आमच्याकडचा खाटीक कैदी. उन्हाळ्यात कॅप्टननी त्याच्याकडून सॉसेजची कृती मागितली होती. ‘दे, तुला इथून हलवणार नाही.’ त्यानं दिली.

“न आठवायला काय झालं? कॅप्टनसाहेबांच्या बाई आता तसेच सॉसेज करतात, अगदी हुबेहूब.”

“आणि कालोउस कुठे आहे?”

“खाणीत. मागच्या गाडीनं गेला. कचेरीची काहीतरी चूक झाली असणार.”

“असेल,” पेलिकान म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. कधी कधी गाय बघते तसा. मग म्हणाला, “साहेब, माझी छाती तुम्ही रोज ऐकता. मी औषधवाला आहे, मला कळतं. खाणीत मी नाताळ बघणार नाही. म्हणून जागा सांगत नाही.”

आता यात ‘म्हणून’ कुठून आलं? ‘म्हणून सांगतो’ असं हवं! मी डोकं आपटून घ्यायचा बाकी राहिलो. तीन देशांची हेरगिरी कबूल करणारा माणूस अळंबीपायी जीव द्यायला निघालाय. हट्टी तरी किती असावं माणसानं! मी दोन वेळा समजावलं, शेवटी त्याच्यावर ओरडलो. तो चिंध्या गुंडाळत राहिला.

कॅप्टननी त्याला अंधारकोठडीत टाकला. अर्धा पाव आणि ओली जमीन.

२१ सप्टेंबर, रविवार

हे दिवस मी विसरणार नाही.

शुक्रवारी कॅप्टन म्हणाले, “एका कैद्यावाचून काय अडलंय? जंगल कुठे पळून जातंय?” आणि आम्हां बारा पहारेकऱ्यांना बंदुकांसकट एका रांगेत उभं केलं. दोन दोन हातांच्या अंतरानं जंगल विंचरत जायचं, जणू पळालेला माणूस शोधतोय. कॅप्टन मागून शिटी वाजवत होते. आम्हाला सापडलं ते असं: एक गंजका डबा, दोन डाव्या पायाचे बूट, आणि बादलीभर अळंबी. दिसायला थेट ‘खरी’. गोमटी, जाडजूड.

मला शंका आली होती. हिची एक कडू बहीण असते, दिसायला तश्शी, देठावर काळपट जाळी. एक तुकडा चाटून बघितला की कळतं. पण कॅप्टन स्वतःच्या हातानं तोडत होते, आणि वरिष्ठानं तोडलेली अळंबी चाटून बघणं म्हणजे वरिष्ठावर अविश्वास. मी गप्प बसलो. बाकीचेही गप्प बसले. आम्ही बाराही जण खेड्यातले, बाराही जणांना ठाऊक.

शनिवारी जेवायला कर्नलसाहेब आणि बाई. सूप आलं. वर साय, वर शेपूची पानं. मी दाराशी पहाऱ्यावर होतो, मला सगळं दिसत होतं. कर्नलसाहेबांनी चमचा तोंडात घातला आणि त्यांचा चेहरा हळूहळू आक्रसत गेला. गिळलं त्यांनी. युद्धातला माणूस. बाईंनी मात्र रुमालात थुंकलं. कॅप्टन म्हणाले, “जंगलाची खास चव आहे.” आणि आपली ताटली पुसून खाल्ली, शेवटच्या थेंबापर्यंत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“झावादिल,” बाई म्हणाल्या, “पहिल्या कुणी तोडल्या होत्या?”

आज सकाळी पेलिकानला कोठडीतून काढला. मीच गेलो होतो. उचलूनच आणावा लागला. हाताला इतका हलका लागला, की मला कसंतरीच झालं. पाय सुजून हंडीएवढे झालेत. खोकला थांबत नाही. मी माझ्या डब्यातली साय त्याला दिली. ती कडू सुपातली नव्हती, त्याला आधी सांगितलं.

त्याला सगळी हकीकत ऐकवली. काळपट जाळीचं ऐकून तो इतका हसला, इतका हसला, की मला वाटलं इथेच जातो.

२९ सप्टेंबर

परत जंगल सुरू. पण पेलिकानला आता चालवत नाही. बुंध्यापर्यंत आलो आणि तो त्याच्यावर बसलाच. मी सवयीनं ओढ्याकडे तोंड केलं. बराच वेळ काही ऐकू येईना. वळून बघतो तर तो तिथेच.

“साहेब,” म्हणाला, “मला एकट्याला तिकडे चढवणार नाही. पाय उचलत नाहीत. आज टोपली रिकामी गेली, तर कॅप्टन मला परत खाली टाकतील.” जरा थांबून म्हणाला, “या माझ्याबरोबर.”

“म्हणजे… जागेवर?” मी विचारलं.

“जागेवर.”

माझ्या बापानं मला नेलं नव्हतं! मी म्हटलं, “अहो पेलिकान, मी पहारेकरी आहे. कॅप्टननी मला शोधायला सांगितलीय ती.”

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. वचन मागितलं नाही, शपथ घातली नाही. हात पुढे केला, मी खांद्याला धरलं, बंदूक काठीसारखी त्याच्या हातात दिली, आणि निघालो.

ओढ्याच्या वरच्या अंगाला जिथे ████████████████

खोडलं. इथेही लिहिणार नाही. भिंतीला कान असतात तसे वहीला डोळे असतात.

एवढंच लिहितो, की मी टोपी काढली. शेवाळावर ऊन तिरपं पडलं होतं आणि त्या उभ्या होत्या. मोठ्या, धाकट्या, जोडीनं, एकमेकींना टेकून, लहान पोरं फोटोसाठी उभी करावीत तशा. मी आयुष्यात चर्चमध्ये इतका गप्प उभा राहिलो नव्हतो. (देव नाही, हे मला ठाऊक आहे.) पेलिकान सांगत गेला, “ही नको, ही अजून लहान. ही घ्या. खड्ड्यावर पाचोळा सारा.” मी गुडघ्यावर कापत गेलो. माझे डोळे भरून आले होते. ते पेलिकाननं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

२ ऑक्टोबर

कॅप्टननी आज मला गाठूनच विचारलं. “शिमूनेक, तू महिनाभर त्याच्याबरोबर जातोस. जागा कुठे आहे?”

मी तोंड उघडलं. मनात ठरवलंच होतं सांगायचं, कारण सांगितलं तर पेलिकान वाचणार, कॅप्टनचा शब्द आहे. आणि माझ्या तोंडून निघालं, “दर वेळी वेगळीकडे नेतो, कॉम्रेड कॅप्टन. गोल गोल फिरवतो. मला तर दिशाच कळत नाही.”

“गाढव आहेस तू.”

“हो, कॉम्रेड कॅप्टन.”

“तेरा तारखेपर्यंत मुदत. नाहीतर म्हातारा गाडीत.”

बाहेर येऊन भिंतीला टेकलो. मी काय केलं? एका माणसाचा जीव माझ्या जिभेच्या टोकावर होता आणि मी जीभ आत घेतली. कशासाठी? तर अळंबीसाठी!

घरी व्लास्ताला आडून विचारलं, “समज, एखाद्याला एक जागा ठाऊक आहे. ती सांगितली तर एका माणसाचा जीव वाचतो. सांगावी का त्यानं?”

ती भाजी चिरायची थांबली. “केवढ्या निघतात?”

मी हातानं दाखवलं.

“मग विचार करावा लागेल,” व्लास्ता म्हणाली.

७ ऑक्टोबर

झोप नाही. पहारा देताना पेलिकानचा खोकला बराकीतून ऐकू येतो आणि प्रत्येक उबळ मला म्हणते, ‘सांग, मेल्या.’ आज दोनदा कॅप्टनच्या दारापर्यंत गेलो. पहिल्यांदा धीर झाला नाही. दुसऱ्यांदा दार उघडलं. कॅप्टन मांडी घालून जमिनीवर बसले होते, आणि समोर होतं एक लोखंडी दाताळं. गवत ओढतात तसलं. त्याचे दात ते कानशीनं घासत होते.

“बघ,” मला म्हणाले, “हे घेऊन जागेवर गेलं, की एका दुपारी साफ. सुरी काय घेऊन बसलात? आणि भरायला पोती!”

दाताळं! पोती! मला त्या जोडीजोडीनं टेकून उभ्या असलेल्या दिसल्या. मी म्हटलं, “कोळसे संपत आलेत, कॉम्रेड कॅप्टन, एवढंच सांगायला आलो होतो.” आणि परत फिरलो.

शिमूनेक, तू माणूस नाहीस. तो कैदी खाणीत मरेल आणि तू शेवाळाची काळजी करत बसलायस. पहिल्या वहीत आज लिहिलं, ‘चुका: नाहीत.’

१३ ऑक्टोबर, सोमवार

गाडी आली. नावं मलाच वाचायची होती. कागद हातात घेतला तेव्हा अक्षरं दिसेनात. पहिलं नाव पेलिकान असणार. तो रांगेत उभा होता, गाठोडं बांधून, दाढी करून. माझ्याकडे बघून त्यानं मान हलवली, ‘वाचा, साहेब’ अशी.

पहिलं नाव हावेल्का, तो फुटबॉल खेळणारा. मग पाद्री. मग एक एक. मी दहावं नाव वाचलं, कागद उलटा केला, मागे कोरा होता. परत सुलटा केला. पेलिकान नव्हता.

दहाजण गाडीत चढले. हावेल्कानं चढताना पायानं एक दगड उडवला, तो बरोबर फाटकाच्या दोन खांबांमधून गेला. कुणी हसलं नाही. पाद्र्यानं मला ‘देव तुमचं भलं करो’ म्हटलं. त्याला काय ठाऊक! गाडी गेल्यावर मला जेवण गेलं नाही. हे दहाजण काय करून बसले होते, मला खरंच ठाऊक नाही. विचारायची पद्धत नाही.

कॅप्टनना मात्र विचारलं. “पेलिकानचं नाव राहून गेलं का, कॉम्रेड कॅप्टन?”

“राहून कशाला जाईल?” ते भडकले. “कर्नलबाईंना नाताळात बार्लीत घालायला वाळवलेल्या हव्यात, पिशवीभर. पुढच्या सप्टेंबरात साहेब मुक्कामालाच येणार म्हणतात. त्यांना काय देऊ, पाइनच्या सुया? म्हाताऱ्याशिवाय ती जागा आहे कुणाला ठाऊक? तुला? तुला गाढवाला डोक्यावरची टोपी सापडत नाही! त्याला लाकूडतोडीवरून काढ. स्वयंपाकघराच्या माळ्यावर बसव, अळंबी ओवायला. धुराड्याजवळ. आणि त्या खोकल्याचं काहीतरी बघा, पुढच्या वर्षापर्यंत टिकला पाहिजे.”

मी थक्क झालो. एवढा दिलेला शब्द, आणि कॅप्टननी तो मोडला! माणूस बोलायला कडक, पण आत किती दयाळू आहे पाहा. मी त्यांच्याबद्दल मनात काय काय आणलं होतं. पहिल्या वहीत त्यांच्याबद्दल एक अख्खं पान लिहिलं.

१५ ऑक्टोबर

तरी माझं मन मला खात राहिलं. पेलिकान वाचला तो कॅप्टनच्या दयेनं. माझ्याकडून तर तो मेलाच होता. हे पोटात ठेवून त्याच्या तोंडाकडे बघवेना. आज दुपारी माळ्यावर गेलो. तो चुलीच्या धुराड्याला पाठ लावून बसला होता, दोऱ्यात फोडी ओवत. खोकला जरा कमी वाटला.

दार लावून घेतलं आणि बोललो एकदाचं. म्हटलं, “पेलिकान, मला माफ करा. कॅप्टननी मला सरळ विचारलं होतं. मी एक शब्द बोललो असतो तर तुमचा जीव वाचणार होता. नाही बोललो. परत सांगायला म्हणून गेलो, परत नाही बोललो. त्यांच्याकडे दाताळं होतं हो! मला त्या अळंब्यांची दया आली आणि तुमची नाही आली. आता काय म्हणायचं ते म्हणा.”

त्याच्या हातातली सुई थांबली. “तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत?”

“नाही.”

“बायकोलासुद्धा?”

“बायकोला? वेड लागलंय का मला?”

तो हसायला लागला. मग खोकायला लागला. मग मी पाणी आणून वाकून बघतो तर तो रडत होता. माझा हात त्यानं दोन्ही हातांत धरला. कैद्यानं पहारेकऱ्याला हात लावायचा नाही असा नियम आहे, पण तेव्हा मला तो आठवला नाही.

“साहेब,” म्हणाला, “माझ्याबद्दल शेजाऱ्यानं जाऊन सांगितलं. दुकानातल्या मुलीनं सांगितलं. सख्ख्या मेहुण्यानं सांगितलं. मग चौकशीत मी सांगितलं. ज्यांना कधी भेटलो नव्हतो, त्यांचीसुद्धा नावं सांगितली. तीन वर्षांत मला भेटलेले तुम्ही पहिले माणूस, ज्याला काही ठाऊक होतं आणि त्यानं ते कुणाला सांगितलं नाही.”

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, पाणी पाजलं आणि खाली आलो. पण मला एक कळेना. एवढा शिकलासवरलेला माणूस, साठी उलटलेली, जन्मभर जंगलात अळंबी शोधलेला, आणि त्याला याचं इतकं नवल वाटावं? जागा कधी कुणाला सांगतात का?